तातांगांना न पोचलेलं बोलावणं

अनाक्लेतो बुमांगलाग गेले, तेव्हा निम्मं गाव म्हणालं की आपण त्यांच्याच बसमधून शाळेत गेलो. लाओआग शहराला जाणारी बस त्यांनी इतकी वर्षं चालवली की लोक बसला कंपनीच्या नावाने ओळखतच नसत. ‘क्लेतो आला का’ असंच विचारत. लसणाच्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बायांसाठी ते थांबत, आतले प्रवासी कितीही कुरकुरले तरी.

शवपेटी बैठकीच्या खोलीत ठेवली होती. होनोलुलूहून धाकटा मुलगा रुस्तिको आला होता, दफन दुसऱ्या दिवशी होतं. माणसं येत, पेटीतल्या चेहऱ्याकडे बघत, मग कॉफी घेऊन रिवाजाप्रमाणे पत्त्यांच्या टेबलाशी बसत.

“फ्रीज घ्यायला किती वर्षं लावली म्हाताऱ्याने,” शेजारचा दोमिंग सांगत होता. “म्हणायचा, बर्फ मी कोरियात पोटभर बघितला, आता घरात कशाला?”

सगळे हसले. मोठी मुलगी फेलिंग स्वयंपाकघरातून कॉफीचा ट्रे घेऊन आली, तीही हसली. चार भावंडांत गावात राहिली ती एकटीच. चर्चसमोरच्या चौकात तिचा एम्पानाडाचा, म्हणजे तळलेल्या तिखट करंज्यांचा, ठेला होता. आई गेल्यापासून तातांगांचं, म्हणजे वडिलांचं, जेवणखाण, औषधं, अंघोळ, सगळं तिच्याकडे होतं. आल्यागेल्याने ‘मुलगी असावी तर अशी’ म्हटलं की ती ट्रे उचलून आत जाई.

चारच्या सुमारास काठी टेकत सिल्व्हेरियो आग्काओइली आले. पलीकडच्या गावचे, तातांगांच्याच पलटणीतले. कोरियाच्या लढाईला गेले तेव्हा दोघेही विशीतले. डोक्यावर पलटणीची टोपी होती. दोमिंगने उठून खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत, पेटीपाशीच उभे राहिले.

“क्लेतो, मी तुझ्यावर रागावून होतो,” ते म्हणाले. “वर्षभर तुझ्याकडे फिरकलो नाही. आता आलो, तर तू असा.”

रुस्तिको जवळ गेला. “कशाचा राग, आपो?” वडीलधाऱ्यांना म्हणतात तशी हाक मारत त्याने विचारलं.

“मागच्या वर्षी कोरियावाल्यांनी आम्हाला बोलावलं होतं. जुन्या सैनिकांना नेतात, सगळं दाखवतात. आमचं दोघांचं ठरलेलं होतं, जायचं तर बरोबर. आमचा सोबती मार्सेलिनो लढाईत जिथे पडला, तिथे उभं राहायचं. आणि ऐन वेळी मनिलाच्या माजी सैनिकांच्या ऑफिसातून कळलं, बुमांगलाग यायला तयार नाहीत.” त्यांनी काठीवरचा हात बदलला. “त्या टेकडीखाली मी एकटा उभा होतो. मार्सेलिनोसमोर ह्याला शिव्या घातल्या.”

“तातांग नाही म्हणाले?” रुस्तिको गोंधळला. “मला तर दर रविवारी फोनवर सांगायचे, मनिलाहून निरोप यायचाय म्हणून. स्वेटर घेऊन ठेवला होता त्यांनी.”

फेलिंगच्या हातातला ट्रे खाली ठेवायला जागा नव्हती. ती तशीच उभी राहिली.

मनिलाचा तो फोन तिच्या मोबाईलवर आला होता. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. आजोबांची तब्येत कशी आहे, सोबत घरचं कुणी येईल का, असं विचारत होती. फेलिंग ठेल्यावर होती, तेल तापलेलं, समोर गिऱ्हाइकांची रांग. तातांगांचं हृदय कमजोर आहे असं डॉक्टर म्हणाले होते, हे खरं. पण प्रवास झेपेल का, हे तिने डॉक्टरांना विचारलंच नाही. सोबत तिलाच जावं लागलं असतं. जत्रा तोंडावर आली होती. परक्या मुलखात, थंडीत म्हातारा गेला तर काय करायचं, अशी भीतीही होती. “त्यांची इच्छा नाही,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी संध्याकाळी सांगू असं तिने ठरवलं होतं. घरी आली तर तातांग बाजारातून आणलेला जुना लोकरी स्वेटर घालून आरशासमोर उभे. “कसा दिसतो? मार्सेलिनो ओळखेल ना?” असं विचारत होते. मग ते सांगणं दुसऱ्या दिवसावर गेलं, आणि पुढे सांगायची हिंमतच झाली नाही. रोज सकाळी ते ओट्यावर बसून विचारत, “मनिलाहून काही?” ती म्हणे, “नाही, तातांग.” काही महिन्यांनी त्यांनी विचारायचं सोडलं. एकदा फक्त म्हणाले, “विसरले वाटतं आम्हाला.”

आता गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. म्हाताऱ्याने ऐन वेळी कच खाल्ली, एवढंच लोक म्हणाले असते. पेटीतला माणूस काही उत्तर देणार नव्हता.

“ते नाही म्हणाले नव्हते, आपो,” ती म्हणाली. “मी म्हणाले. त्यांना मी विचारलंच नाही. फोन आल्याचंही सांगितलं नाही.”

सिल्व्हेरियोंनी तिच्याकडे पाहिलंदेखील नाही.

“मला काय सांगतेस,” ते म्हणाले. “ज्याला सांगायचं तो हा इथे पडलाय.” मग पेटीच्या काचेवर हात ठेवून हळू आवाजात पुटपुटले, “तुला उगीच शिव्या घातल्या रे.”

रुस्तिको तिच्यामागे स्वयंपाकघरात आला. लहानपणापासून तो तिला मानांग, म्हणजे ताई, म्हणे.

“मानांग, मला एक फोन करायचास. मी आलो असतो, मी नेलं असतं त्यांना.”

“माहीत आहे.”

“मग?”

खरं उत्तर तिला ठाऊक होतं. तो वर्षादोन वर्षांनी यायचा, चॉकलेटं वाटायचा, तातांग गावभर त्याला मिरवायचे. हाही मान त्यालाच मिळावा, हे तिला नको होतं. हे तिने भावाला सांगितलं नाही. “सुचलं नाही,” ती म्हणाली, आणि हे आणखी एक खोटं बोलताना तिला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी दफनाला छावणीतले सैनिक आले. पेटीवरचा झेंडा घडी घालून त्यांनी थोरल्या लेकीच्या हातात ठेवायला पुढे केला. तिने हात मागे घेतले.

“घे,” रुस्तिको कानाशी म्हणाला. त्याचा आवाज अजून कडकच होता. “अंघोळ तूच घालत होतीस, तेही खोटं नाही.”

तिने तो घेतला. आल्यागेल्यांचे सांत्वनाचे शब्द तिला ऐकवेनात.

नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला सिल्व्हेरियो येतील असं तिला वाटलं नव्हतं. ते आले, आणि प्रार्थना संपल्यावर तिला समोर बसवून म्हणाले, “ऐक. माझ्यानंतर हे कुणाला तरी ठाऊक असायला हवं.”

मग त्यांनी मार्सेलिनोची हकिगत सांगितली. पहाऱ्याची पाळी क्लेतोची होती. त्याला ताप होता, म्हणून मार्सेलिनो गेला. त्याच रात्री हल्ला झाला. माघार घेताना मार्सेलिनोचा देह आणता आला नाही. “तुझ्या बापाला तिथे जाऊन एवढंच करायचं होतं,” सिल्व्हेरियो म्हणाले, “तुम्हा चौघांची नावं त्याला सांगायची होती. तू माझ्या जागी गेलास म्हणून ही पोरं झाली, असं. मला जायला जमलं नाही तर तू सांगशील ना त्याला नावं, असं मला विचारायचा. मी कशाला सांगू, म्हणायचो, तुझी पोरं, तू सांग.”

फेलिंगचं स्वतःचं नाव त्या यादीत पहिलं होतं.

“मी सांगितलं असतं, तर ते माझ्यावर रागावले असते का, आपो?”

“क्लेतो? रागावला असता की. दोन दिवस बोलला नसता. तिसऱ्या दिवशी ठेल्यावर येऊन तुझ्याकडे एम्पानाडा मागितला असता.”

सिल्व्हेरियो हे तिला धीर द्यायला बोलले होते. ती मान हलवत राहिली. तातांग रागावू शकले असते, अबोला धरू शकले असते, मग माफही करू शकले असते. यातलं काहीच तिने त्यांना करू दिलं नव्हतं. ती उठली आणि सिल्व्हेरियोंचं ताट वाढायला आत गेली.