पेंढ्याशिवायची भिंत

दुसऱ्यांच्या भिंती चढून खिडकीतून आत शिरणं हा तिचा उद्योग, म्हणून गल्लीत तिला पाल म्हणायचे. सतराव्या वर्षी पकडली गेल्यावर तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकारी बाईंनी दोन पर्याय पुढे केले. एक सुधारगृह, नाहीतर सरांचा प्रकल्प. सर वाया चाललेल्या पोरांकडून माती, वाळू आणि पेंढा कालवून घरं बांधून घ्यायचे.

"चिखल तर चिखल," पाल म्हणाली.

पहिल्या दिवशी सर अनवाणी आले, चिखलात पाय रोवून डोळे मिटून उभे राहिले. "माती माणसाला माफ करते," ते म्हणाले. ह्याला कुणी कधी लाथ घातलेली दिसत नाही, असं पालीला वाटलं. मग सर पाय धुऊन ऑफिसात गेले आणि पोरं अंधार पडेपर्यंत चिखल तुडवत बसली.

तिला सगळ्यात चीड यायची ती कौतुकाची. सरळ रचलं तरी "वा", वाकडं रचलं तरी "वा". कुणी नुसतं फावडं उचललं तरी सर टाळ्या वाजवायचे. तान्ह्या पोराने जागेवर शू केल्यावर घरचे वाजवतात तशा.

मागची भिंत तिच्या वाट्याला आली. पेंढा ओढून आणा, बारीक कापा, चिखलात मिसळा, सगळी कटकट. तिने पेंढा घातलाच नाही. ओळंबा लावून भिंत सरळ आहे का तेही पाहिलं नाही. वाळल्यावर भिंतीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि मध्येच पोट सुटलं. आता कुणीतरी ओरडेल म्हणून ती वाट बघत राहिली.

ओरडलं कुणीच नाही. पाहुणे आले तेव्हा सरांनी त्यांना नेमकं त्याच भिंतीपुढे नेलं. "ह्या भेगा ह्या मुलीच्या आयुष्यातल्या आहेत," सर हळव्या आवाजात म्हणाले. "आम्ही त्या लपवत नाही." एका पाहुणीने डोळे टिपले. पालीला भिंतीशेजारी उभं करून फोटो काढले.

पाहुणे चहाला गेले आणि पालीने पहार उचलली. चार घावांत भिंत बिस्किटासारखी खाली आली. सर कप हातात घेऊनच धावले.

"काय केलंस हे? किती प्रेम दिलं आम्ही!"

"त्यापेक्षा पेंढा घालायला लावायचं होतं."

सरांनी लगेच अधिकारी बाईंना बोलावून घेतलं. मुलगी जुन्या वळणावर गेली, आता सुधारगृहच बरं, असं त्यांचं म्हणणं होतं. बाईंनी ढिगातलं एक ढेकूळ उचललं. बोटांत त्याचा भुगा झाला.

"बाकीच्या भिंतींत काड्या दिसतात. हिच्यात का नाहीत?"

"कंटाळा आला," पाल म्हणाली.

"मग पाडली का?"

"भंगार होती. आणि हे तिच्यावर भाषण ठोकत होते."

बाई सरांकडे वळल्या. "ही भिंत कुणाच्या अंगावर पडली असती तर काय सांगितलं असतंत? भिंत हीच पुन्हा बांधेल." मग पालीला म्हणाल्या, "तूही जास्त शहाणी होऊ नकोस. कामचुकारपणा तुझाच आहे."

इतक्या दिवसांत पालीशी सरळ बोललेलं हे पहिलंच माणूस, आणि नेमकं तेच खरं बोलून गेलं याचा तिला संताप आला.

त्या संतापातच तिने ढेकळं फोडली, भिजवली, पेंढा कापताना हाताची सालटी काढून घेतली. दर थराला ओळंबा सोडला. चुकलेला थर खरवडून काढला. सर जाता जाता "वा" म्हणाले.

"आधी बघा तरी," ती मान वर न करता म्हणाली.

मुदत संपली त्या दिवशी आई न्यायला आली. आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची आणि लेकीविषयी तिचं मत कपड्यांवरच्या डागांपेक्षा फारसं बरं नव्हतं.

"एवढ्यासाठी तुला इथे डांबलं होतं? चिखल थापायला?"

"ही भिंत मी बांधली."

आईने तळवा टेकवला. मग खांदा लावून अंगातला सगळा जोर काढला. भिंत हलली नाही. आई दोन पावलं मागे सरकली, एक डोळा मिटून वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

"डावीकडे जराशी कललीय."

"कललेली नाहीये."

"मला दिसतंय ना."

"तुझी मान कललीय, आई."

बसस्टॉप येईपर्यंत दोघी त्यावरूनच भांडत गेल्या.