ठसकेरावांसाठी मध्यस्थी

चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत मंडळीसाठी मध्यस्थीची, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागायची, प्रार्थना करायची पाळी या वेळी सुनेवर आली होती. आदल्या दुपारी मूल झोपल्यावर तिने ती छान लिहून काढली आणि सासूबाईंना वाचून दाखवली. "हट्टी मनं मऊ होवोत, त्यांना लहान लेकरांची दया येवो," इथे कपड्यांच्या घड्या घालणारे सासूबाईंचे हात थांबले.

"ही प्रार्थना आहे की टोमणा?"

"आई, मी कुणाचं नाव तरी घेतलंय का?"

"घ्यायला कशाला हवं? तू 'हट्टी' म्हणालीस की अख्खं चर्च माना वळवून घड्याळकाकांकडे बघेल."

घड्याळकाका म्हणजे मंडळीतले 'वडील', चर्चच्या कारभारातले एक ज्येष्ठ. चर्चसमोरच्या गल्लीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दर रविवारी पहिल्या गीताआधी ते उठत आणि गल्लीकडची खिडकी सताड उघडत. कितीही गार वारा असो. सुनेचं बाळ दीड वर्षाचं, छाती नाजूक. वारा लागला की ठसका, ठसक्यामागून घरघर. रात्री त्याच्या नाकापाशी बोट धरून ती श्वास पाहायची. तिने दोनदा खिडकी लावली, काकांनी दोनदा उघडली. मागच्या रविवारी तर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाळाला घेऊन पलीकडे बसा. ही उघडीच राहील." त्याच दिवशी तिने ठरवलं: पाळीची एवढी प्रार्थना उरकायची, मग दुसरं चर्च बघायचं. नवऱ्याला सांगितलं, तर तो नवऱ्यांच्या रीतीप्रमाणे "बघू" म्हणाला.

"मध्यस्थी म्हणतेस ना?" सासूबाई म्हणाल्या. "दोन घरांत मध्यस्थी करणारा एकाच घरचा चहा पिऊन परततो का? देवाकडे जाऊन आलीस. आता काकांकडे जा."

"आणि काय बोलू?"

"ते तिथे सुचेल. बाळाला टोपी घाल."

काका डोळ्याला भिंग लावून बसले होते. चिमट्यात पापणीच्या केसाएवढा स्क्रू. "तिथेच थांब. हा पडला तर दोघांना रांगावं लागेल." वाटभर जुळवलेलं वाक्य बाजूला ठेवून ती दारातच थांबली. तेवढ्यात कडेवरच्या बाळाला ठसका लागला, चांगला लांबलचक.

पडद्याआडून बाईचा जड आवाज आला. "अहो! ठसकेराव आले का?"

काकांच्या चिमट्यातून स्क्रू पडला.

काकू आजारी असतात एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण भेटायला येणाऱ्याला काका "झोपलीय ती" म्हणून दारातूनच वाटेला लावत. आज काकूंनीच बोलावलं, तेव्हा त्यांनी मुकाट्याने पडदा सारला.

पलंग खिडकीला लावलेला. समोर, गल्लीच्या पलीकडे, चर्चची तीच खिडकी. काकूंचं अर्धं अंग गेलेलं, शब्द अडखळत येत होते. पण बाळाला पाहताच चेहरा उजळला.

"मुलगा होय! मला नुसता ठसका माहीत. खिडकी उघडली की सगळं ऐकू येतं. बायबलचं वचन, गाणी, बाकं सरकवणं. ज्याचा आवाज येईल त्याच्यासाठी देवाकडे मागते. ठसकेराव पहिले. मग तो नाक ओढणारा. मग ती एक बाई, वरच्या पट्टीत बेसूर गाते ती…"

"त्या माझ्या सासूबाई," सून म्हणाली.

काकू हसल्या, तोंडाच्या एकाच बाजूने. "मागे लागोपाठ दोन रविवार याचा आवाज आला नाही. जीव थाऱ्यावर नव्हता गं माझा."

ते दोन रविवार बाळ दवाखान्यात होतं. तिथल्या बाकावर रात्र काढताना सुनेला वाटलं होतं, आपण एकट्याच जाग्या आहोत.

ती वळून म्हणाली, "काका, सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर सगळे हळहळले असते. तिला हळहळ सोसत नाही. तिला काम लागतं." काका जमिनीवर स्क्रू चाचपत म्हणाले. "आणि हे तिचं काम आहे. तूही कुणाला सांगू नकोस."

सुनेने मान डोलावली. "काकू, उद्या प्रार्थनेची पाळी माझी आहे. तुमच्यासाठी काय मागू?"

"माझ्यासाठी नको. ह्यांच्यासाठी माग. मी सगळ्यांसाठी मागते, आणि ह्यांच्यावर म्हणे सगळे चिडलेत."

सून खाली बसली आणि काकांबरोबर स्क्रू शोधू लागली.

रविवारी ती पलीकडच्या टोकाला बसली. "आजपासून हाच आपला बाक," तिने सासूबाईंना सांगितलं आणि टोपी घातलेलं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. काकांनी खिडकी उघडली. मागे कुणीतरी च्यक् केलं.

ती पुढे गेली. कागद घरीच ठेवला होता.

"प्रभू, आमच्या घड्याळकाकांसाठी…"

माना वळल्याच. टोमणा येणार म्हणून काकांनी खाली बघितलं.

"त्यांचे हात स्थिर ठेव. त्यांना रात्री झोप लागू दे. ते आमच्यासाठी जे करतात ते आम्हाला दिसत नाही, त्याबद्दल आम्हाला क्षमा कर." कागदावरचं एकही सुंदर वाक्य तिला आठवेना. "आणि त्यांच्या घराला कळू दे, की तिथून येणारं आमच्यापर्यंत पोचतं."

"अगं, हळू," पुढच्या बाकावरून एक मावशी कुजबुजल्या. "देव काही बहिरा नाही."

तिने तोंड गल्लीकडच्या उघड्या खिडकीकडे केलं आणि आवाज आणखी चढवला.