आत्याचं रक्त कुणाला दिलं

नाथाजी हवालदारांच्या रक्ताचा गट मी पहिल्यांदा काढला तो १९९६च्या पंधरा ऑगस्टला, कडेगावजवळच्या एका गावात, शाळेच्या पाचवीच्या वर्गात. झेंडावंदन उरकून पोरं घरी गेली होती आणि आम्ही बाकं जोडून त्यांवर चादरी अंथरल्या होत्या. मी वाईची. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. होऊन सांगलीतल्या एका लहान रक्तपेढीत लागले, त्याला तेव्हा तीन महिने झाले होते.

शिबिराला आलेले बहुतेक जण दाराशीच घुटमळत होते. एवढं रक्त गेल्यावर उद्या पाठीवर खताचं पोतं कसं घ्यायचं, हा त्यांचा प्रश्न होता. नाथाजी सरळ आत आले. वय बावन्न, मिशा पांढऱ्या, खिशात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली जुनी कार्डं.

"गट कशाला बघताय, मॅडम? ओ हाय. फौजेनं लिवून दिल्यालाय."

"तरी बघावा लागतो."

"बघा. ही अठरावी येळ हाय माझी. सतरा येळा ओ निघाला, आज काय येगळा निघंल व्हय?"

दारातून कुणीतरी म्हणालं, "नाथाजी, जरा कमी दे रं. घरी वैनी इचारंल, निम्मा कुठं ठिवून आला."

"तू आत ये की गड्या, मग दावतो कुठं ठिवतात ते."

तपासणीच्या पांढऱ्या फरशीवरच्या थेंबांत गुठळी झाली नाही, म्हणजे ओ. मी कार्डावर ओ लिहिलं. नाथाजींनी ते न वाचताच पिशवीत सरकवलं.

गट खरं तर दोन बाजूंनी तपासायचा असतो. आधी रक्तातल्या पेशी, मग त्यांच्याभोवतीचं सीरम. शिबिरात दुसरी तपासणी कुणी करत नसे. सांगलीला परतल्यावर मी ती केली, निव्वळ उत्सुकतेपोटी. ओ गटाच्या माणसाचं सीरम ओ पेशींना काही करत नाही. नाथाजींच्या सीरमने त्यांच्या गुठळ्या केल्या. मी पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्या वेळी पेशी माझ्याच बोटातून घेतल्या, कारण मीही ओ आहे. पुन्हा गुठळ्या.

आमचे मुख्य तंत्रज्ञ अनंतराव पाठीमागे येऊन उभे राहिले. "बॉम्बे ग्रुप असेल," ते म्हणाले. "वीस वर्षांत मी एकदाच पाहिलाय. वरवर ओ दिसतो, पण त्या माणसाला ओ रक्तही चालत नाही. फक्त त्याच्याच गटाचं चालतं. ही पिशवी बाजूला काढा आणि त्या गृहस्थांना एक पोस्टकार्ड टाका. परत बोलवा म्हणावं."

पिशवी मी लगेच बाजूला काढली. कार्ड टाकलं नाही.

पक्कं सांगायला आणखी एक रसायन लागत होतं, ते मुंबईहून मागवावं लागे. मला वाटलं, आधी खात्री करू, मग लिहू. अर्धवट माहिती कळवून एखाद्याला घाबरवायचं कशाला? रसायन ऑक्टोबरच्या शेवटी आलं. तोवर नमुना खराब झाला होता. मग गळीत सुरू झालं. या दिवसांत नाथाजींना ऊस सोडून येता येणार नाही, असं मीच ठरवलं. त्यांचा पत्ता नोंदवहीत माझ्याच अक्षरात होता.

एप्रिलमध्ये कराडशेजारच्या मलकापूरच्या एका दवाखान्यातून एक नमुना आला. पोटात व्रण फुटून रक्तस्राव, हिमोग्लोबिन साडेपाच, ओ गटाच्या चार पिशव्या जुळवून पाहिल्या, एकही जुळत नाही. चिठ्ठीवरचं नाव मी दोनदा वाचलं: नाथाजी हवालदार. या वेळी तपासणीला चाळीस मिनिटं लागली. बॉम्बे ग्रुपच होता.

अनंतरावांनी मुंबईला फोन लावला. तिथल्या यादीत या गटाचे दोन दाते होते. एक परगावी गेलेला, दुसऱ्याला कावीळ. राहिलं घर. सख्ख्या भावंडांत हा गट निघण्याची शक्यता चारांत एक. मी मलकापूरला फोन करून नाथाजींच्या मुलाला, विश्वजीतला, सांगितलं, "सख्खी भावंडं सगळी सांगलीला घेऊन या. आजच."

दुपारी जीपमधून चौदा पुरुष उतरले. दोघे सख्खे भाऊ, बाकीचे चुलत भाऊ आणि पुतणे. कडेगावजवळच्या त्या शाळेत दाराशी घुटमळणारे त्यांतले काही मी ओळखले. आज सगळे बाह्या वर सारून ओळीने उभे होते. मी चौदाही जणांची तपासणी केली. ए, बी, साधा ओ. त्या गटाचा एकही नाही. भावंडं ही दोनच, असं मी धरून चालले. उद्यापर्यंत मुंबईचा परगावी गेलेला दाता येईल, या आशेवर तो दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाथाजींचे धाकटे भाऊ लालासाहेब बाकावर बसून होते. हाताला काम नव्हतं म्हणून मी कागदावर त्यांचं घर मांडायला घेतलं. आईवडील वर, खाली मुलं, पुरुषाला चौकोन, बाईला गोल.

"पहिली बनुआक्का," लालासाहेबांनी सांगितलं, "मग नाथाजी, मग मी, मग धाकला."

माझी पेन्सिल थांबली. "तुम्हाला बहीण आहे?"

"हाय की. पाटणच्या पल्याड दिलीया."

"मग त्यांना का नाही आणलं?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मी काही वावगं बोलले असावे, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "दिल्या लेकीचं घ्यायचं कसं, मॅडम? तिला द्यायचं आसतं. आमचा बा मरंस्तवर तिच्या घरचं पाणी बी पिला न्हाई. नाथाजीला इचारलं हुतं आमी. त्यो म्हनला, आक्काला कळवू बी नगासा."

मी आयुष्यात कुणावर चढ्या आवाजात बोलले नव्हते. तेव्हा बोलले. ते निमूटपणे उठून जीपकडे गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला बनुबाई आल्या. वय चौपन्न, नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी. लालासाहेबांना पोहोचायला आदल्या दिवशी संध्याकाळ झाली होती, आणि पहाटेच त्या निघाल्या होत्या.

"दोन दीस झालं म्हनं," त्या आल्याआल्या म्हणाल्या. "आनि मला आत्ता सांगतायसा. घ्या लवकर."

गट तोच होता. हिमोग्लोबिन पाहायला आम्ही मोरचुदाच्या निळ्या पाण्यात रक्ताचा थेंब सोडत असू. तो बुडला तर रक्त घ्यायचं, तरंगला तर नाही. त्यांचा थेंब मध्ये क्षणभर अडला. मग बुडला.

सुई लावल्यावर त्या पिशवीकडे बघत राहिल्या. "तेनं न्हाई म्हटलं आसंल न्हवं?"

"हो."

"लहानपनापास्नं आसाच. दर भाऊबीजेला लुगडं घिऊन यायचा, पर जेवायचा न्हाई. च्या बी घ्यायचा न्हाई. म्हनायचा, तुझं मला चालत न्हाई आक्का." त्या जराशा हसल्या. "आता बघू कसं चालत न्हाई."

सव्वाअकराला विश्वजीत बर्फाच्या डब्यात पिशवी घेऊन निघाला. जीप पेठ नाक्याच्या अलीकडे असताना मलकापूरहून आमच्याकडे फोन आला. फोन मी घेतला. पुन्हा रक्तस्राव झाला होता, आणि त्यात नाथाजी गेले होते.

बनुबाई अजून बाकावर बसून होत्या. हातात आम्ही दिलेला चहाचा कप होता. त्यांना अनंतरावांनी सांगितलं. मी आतच राहिले.

डबा दोन दिवसांनी परत आला. पिशवी दवाखान्याने फ्रीजमध्ये नीट ठेवली होती. ते रक्त दुसऱ्या कुणाला तसंच देता येत नव्हतं, कारण त्यातलं सीरम इतरांच्या पेशींच्या गुठळ्या करतं. ते वेगळं काढायची सोय आमच्याकडे नव्हती. त्या गटाचा रुग्ण कुठे आहे का, म्हणून मी पुणे, मुंबई, कोल्हापूर सगळीकडे विचारलं. पस्तिसाव्या दिवशी मुदत संपली. नोंदवहीत मी लिहिलं: नष्ट केली.

जूनमध्ये विश्वजीत स्वतःचा गट पक्का करून घ्यायला आला. मुलाला बहुधा हा गट येत नाही. त्याला आला नव्हता. मी त्याला सगळं सांगितलं. ऑगस्टचं, कार्डाचं, रसायनाचं. कार्ड गेलं असतं तर नाथाजींना आपला गट माहीत असता, बहिणीशी बोलायला आठ महिने मिळाले असते, हे त्यालाही कळलं असणार. तो एवढंच म्हणाला, "आबा आलं आसतं. तेनला कुनी बोलावलं की जायाचं." मग जाताना विचारलं, "आत्या भेटली की इचारती, माझं रक्त कुनाला दिलं?"

"कुणालाच नाही. फेकावं लागलं."

तो दारातून परत फिरला. "मी तिला सांगतो, एका बाळंतिनीला दिलं. तुमी बी तसंच सांगा, आली तर."

मी मान डोलावली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बनुबाई खरंच आल्या. हातात तीच कापडी पिशवी, आणि त्यात माझं कार्ड. मी जूनमध्येच त्यांना लिहिलं होतं: तुमचा गट दुर्मीळ आहे, जपा, कधी रक्त घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी सांगा. ते त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं.

"ती बाळंतीन बरी हाय का?"

"बरी आहे."

"आनि पोर?"

हे मी ठरवून ठेवलं नव्हतं. त्या वाट बघत होत्या.

"मुलगी आहे," मी म्हणाले.

"बरं झालं," बनुबाई म्हणाल्या आणि दंडावरची चोळी वर सारू लागल्या. "घ्या. सा महिनं झालं. थेंब बुडतोय का बघा आधी."