आईच्या ताब्यातले सहा शब्द

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावलं की केसाएवढ्या स्प्रिंगची खोड त्यांना दिसते. भिंग काढलं की समोरची बायकोही दिसत नाही. भाड्याचं दुकान स्वतःचं व्हावं म्हणून आयुष्यभर साठवलेलं सगळं त्यांनी क्रिप्टोत, म्हणजे इंटरनेटवरच्या चलनात घातलं. त्या खात्याची किल्ली म्हणजे बारा गुप्त शब्द. कागदावर ह्यांचा विश्वास नाही आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून सहा शब्द स्वतः पाठ केले नि सहा माझ्या आईकडून करून घेतले. "कुणालाही सांगू नका, आई. अगदी मी मागितले तरी."

आई आमच्याकडेच राहते. निवृत्त होईपर्यंत ती इस्पितळाच्या दारावर पहाऱ्याला होती. भेटीची वेळ संपल्यावर तिने मोठ्या डॉक्टरांच्या सासऱ्यांनाही आत सोडलं नव्हतं.

परवा हे भिंग कपाळावर ठेवूनच घरी धावत आले. ईमेल आला होता: आज संध्याकाळपर्यंत बारा शब्द भरा, नाहीतर खातं कायमचं बंद.

"आई, ते सहा शब्द सांगा."

आई मटार सोलत होती. "नाही."

"अहो, मी मागतोय."

"तुम्हीच म्हणाला होतात, जावईबापू. मी मागितले तरी नाही."

हे चिडले, विनवत राहिले, शेवटी पाया पडले. दुकान हातचं जाणार म्हणून मीही मध्ये पडले. "आई, दे ना गं," मी म्हटलं.

"मागतंय कोण?"

"कंपनी," हे म्हणाले.

"तुमचं नाव घातलंय?"

"प्रिय ग्राहक, असं आहे."

"घाई खऱ्या नातेवाइकांनाही असायची," आई म्हणाली, "पण त्यांना पेशंटचं नाव ठाऊक असायचं."

मी फोन ओढून घेतला. पाठवणाऱ्याचा पत्ता उघडला, तर त्याचा कंपनीशी काडीचा संबंध नव्हता. मेलमधल्या लिंकला हात न लावता आम्ही कंपनीचं ॲप उघडलं. खातं ठणठणीत होतं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आम्ही हे शब्द कधीच मागत नाही.' ही पाटी हे रोज बघत होते, अर्थात भिंगाशिवाय.

हे आईसमोर येऊन बसले. डोळे भरून आले होते. "आई, तुम्ही वाचवलंत मला." मलाही तिला मिठी मारावीशी वाटली.

मग ह्यांना शंका आली. "पण शब्द नीट लक्षात आहेत ना? एकदा म्हणून दाखवा बरं."

आईने पुढची शेंग उचलली.

"नाही."