बुडालेल्या गावचा गळ

मित्रांनो, गळ म्हटलं की तुम्हाला मासे आठवतील. पण मी त्या जातीचा नाही. मी विहिरीचा गळ. एका कड्याला जोडलेली सात वाकडी लोखंडी बोटं आणि वर दोर बांधायला एक डोळा, एवढाच माझा देह. पाणी शेंदताना कुणाची कळशी नाहीतर बादली विहिरीत पडली की मला खाली सोडायचे आणि मी ती शोधून आणायचो. आता घरोघर नळ आले, विहिरींवर मोटारी बसल्या. तुम्ही मला ओळखलं नाहीत म्हणून मी रागावणार नाही.

शेवरवाडीच्या चिमाजी लोहाराने मोडक्या बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडातून मला घडवलं आणि बहिरूच्या हाती दिलं. बहिरूचा हात फार हुशार. माझी बोटं तळाला कशावर आपटली, हे त्याला वर दोरावरून कळायचं. "पितळ हाय, पण कान तुटलाय," असं तो आधीच सांगायचा, आणि खरोखर कान तुटलेला हंडा वर यायचा. काठावरच्या बाया माझं कौतुक करत. हळूहळू ती कला बहिरूने आपल्या मुलाला, यादवला शिकवली. बारा वर्षांचा यादव आणि मी, आमची जोडी जमली होती.

त्याच वर्षी यादवची धाकटी बहीण मैना विहिरीत पडली.

आठ वर्षांची होती. लहानशी कळशी घेऊन पाण्याला गेली ती परतली नाही. गावातल्या पोहणाऱ्यांनी बुड्या मारल्या. बहिरूने मला तीन दिवस खाली सोडलं. त्या विहिरीच्या पोटात खोल कपारी होत्या. मी एकेक कपार चाचपली. सगळ्या गावची हरवलेली भांडी मी वर आणली, पण मैना सापडली नाही. चौथ्या दिवशी बहिरूने माझा दोर सोडला आणि मला परत कधी हातात धरलं नाही.

महिन्याभरात गाव उठलं. खाली धरण बांधून झालं होतं, पाणी चढत होतं. निघताना गावात दोन तट पडले. देवीचा सोन्याचा मुखवटा आणि दागिने कुणी न्यायचे, यावरून भांडण पेटलं. ते सगळं रात्री विहिरीवर धुऊन-पुसून, एका पितळी हंड्यात भरून निवृत्ती गुरवाने काठावर ठेवलं होतं. सकाळी हंडा नव्हता. गुरव रडत सांगत होता, "हंडा आपल्या पायानं पायऱ्या उतरून पाण्यात गेला. मी बघितला." कुणी विश्वास ठेवला नाही. सगळ्यांनी त्याला चोर ठरवलं. तो बायकोला घेऊन दूर नामपूरला निघून गेला. मग शेवरवाडीवर पाणी आलं.

बहिरूचं कुटुंब नाशिकजवळ मखमलाबादला आलं. तिथे झेंडू आणि शेवंती लावली. बहिरू गेला, यादव मोठा झाला, त्याचं लग्न झालं. मी दाराआडच्या खिळ्याला टांगलेलाच राहिलो. गंज चढला, कोळ्यांनी माझ्या बोटांत जाळी विणली. यादवला सगळे घरकोंबडा म्हणायचे. फुलं तो तोडायचा, पण बाजारात न्यायची त्याच्या बायकोने, छायाने. नाशिकच्या द्वारका चौकापलीकडच्या लग्नालाही तो कधी गेला नाही. शेतातल्या विहिरीवरची मोटारसुद्धा छायाच सुरू करायची. लोकांना तो आळशी वाटायचा. मला ठाऊक होतं, तो पाण्याला भीत होता. खरं सांगू? मीही भीत होतो. मला तो खिळा आवडायला लागला होता.

असं पंचेचाळीस वर्षं चाललं. मग एका कडक उन्हाळ्यात धरण पार आटलं, आणि मे महिन्यात निवृत्ती गुरवाचा मुलगा ज्ञानेश आमच्या दारात उभा राहिला. चाळिशीचा, रापलेला माणूस.

"यादवकाका, शेवरवाडी वर आली आहे. विहीर दिसते. हंडा काढायला चला."

"मला नाय जमायचं," यादव म्हणाला. "फुलं तोडायचीत. दुसरा कुणी बघ."

"दुसरे बघून झाले. मी स्वतः नवीन गळ टाकला." ज्ञानेशने पिशवीतून एक गळ काढला. त्याची सगळी बोटं कुणीतरी हाताने सरळ केल्यासारखी झाली होती. "काका, हा वर आला तेव्हा विहिरीतून आवाज आला. लहान मुलीचा. म्हणाली, दादाचा गळ आण."

यादवच्या हातातली फुलांची पाटी खाली पडली. बराच वेळ तो ती फुलं गोळा करत राहिला.

"चोरीच्या नावानं बाप खंगला माझा," ज्ञानेश म्हणाला. "आता ऐंशी वर्षांचा आहे. डोळे गेलेत. हंडा मिळाला तर मी गावातल्या प्रत्येकाच्या दारात नेऊन दाखवीन. मला त्यातलं काही नको."

छाया चुलीपाशी सगळं ऐकत होती. तिने पदराने माझ्यावरची जाळी पुसली, मला खिळ्यावरून काढलं आणि यादवच्या मांडीवर ठेवलं. "जा तुम्ही," ती म्हणाली. "झोपेत तिचं नाव घेता. तीस वर्षं ऐकतेय मी."

ज्ञानेशच्या मोटारसायकलवर मागे बसून यादव निघाला. वाटेत त्याने मला इतकं घट्ट धरलं होतं की माझी बोटं त्याच्या पोटात रुतली असतील.

टळटळीत दुपारी आम्ही शेवरवाडीत उतरलो. मित्रांनो, पाण्याखालून निघालेलं गाव तुम्ही पाहू नये. घरांची जोती, उपडी पडलेली जाती, झाडांचे काळे बुंधे, सगळ्यांवर एकाच रंगाची राख फासावी तसा गाळ. पाखरू नव्हतं. वारा नव्हता. वाळून भेगाळलेल्या गाळावर मात्र लहान अनवाणी पावलं उमटली होती, ओली, ताजी. ती सगळी विहिरीकडे जाणारी होती. एकही परतणारं नव्हतं.

यादवने विहिरीला पाठ करून दोर बांधला. मग डोळे मिटून मला खाली सोडलं.

पाणी थंड होतं. मी खाली खाली गेलो, आणि अंधार व्हायच्या ऐवजी उजेड वाढू लागला. तळाशी शेवरवाडी होती, पूर्वीसारखी. जाती घरघरत होती, कुणीतरी गुरांना हाका मारत होतं, बाया पाणी भरून निघाल्या होत्या. कुणालाच तोंड नव्हतं. पितळी हंड्याच्या झाकणावर मात्र मैना बसली होती. मांडीवर कळशी, केसांतून पाणी वाहत होतं. तिला तोंड होतं, अगदी तिचंच.

"उशीर केलास," ती मला म्हणाली. "दादा आलाय का?"

आम्हा लोखंडाला वर बोलता येत नाही, पण तिथे मला बोलता आलं. "आलाय," मी म्हणालो.

"मी हंडा राखतेय. देवी म्हणाली, तुला न्यायला कुणी येईतो बस इथं." तिने आपलं बोट माझ्या एका बोटाला अडकवलं. "पण तू एका खेपेला एकच उचलशील. काय नेतोस?"

ते ठरवणं माझ्या हाती नव्हतं. दोर यादवच्या हातात होता. माझी चार बोटं हंड्याच्या कानात होती, एकात मैनाचं बोट. वरून ज्ञानेशचा आवाज घुमत आला, "जड लागतंय काका? हंडाच आहे! ओढा!"

मग मैनाने दोराला तीन हिसके दिले. लहानपणी यादवच्या सदऱ्याला द्यायची तसे.

दोर थरथरला. हुशार हाताच्या बापाचा मुलगा तो, त्याला सगळं कळलं. "ज्ञानेश," मला त्याचा आवाज ऐकू आला, "त्या दिवशी पाण्याची पाळी माझी होती. मी गोट्या खेळत होतो. तिला मीच धाडली." आणि त्याने दोर अलगद ढिला करून हंड्याचा कान सोडवला.

मी वर आलो तेव्हा माझ्या एका बोटाला ती लहानशी कळशी होती, गाळाने भरलेली. त्या गाळात जे होतं ते यादवने आपल्या उपरण्यात बांधलं. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. तो किती वेळ रडला तेही सांगणार नाही. ज्ञानेशने हंड्याचा शब्दही काढला नाही. तो फक्त यादवच्या डोक्यावर पिशवीची सावली धरून उभा राहिला.

शेवटी यादवच उठला. "चल, दोर धर. तुझ्या बापाचं काम राहिलंय."

या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. काठावर ओणवा होऊन त्याने मला सोडलं. खाली आता अंधार होता, गाळ होता. हंडा मात्र सापडला. दोघांनी मिळून ओढला. पाण्याबाहेर येताच झाकण निसटलं आणि सोन्याच्या मुखवट्यावर ऊन पडलं. देवीने वर पाहिलं, असं मला वाटलं. तेवढ्यात माझी दोन बोटं कटकन तुटली. हंडा पाण्यात गेला, आणि पाण्याखालून आवाज येत राहिला: धप्, धप्, धप्. कुणीतरी सावकाश पायऱ्या उतरत होतं.

ज्ञानेश कपाळाला हात लावून बसला. "आता कोण विश्वास ठेवणार?"

"मी बघितलाय की," यादव म्हणाला. "मी सांगीन." मग विहिरीकडे पाहत हळूच म्हणाला, "देवीलाबी घर सोडायचं नसंल."

दुसऱ्या दिवशी यादव रामकुंडावर गेला. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने उपरण्याची गाठ गोदावरीत सोडली. ज्याला घरच्या विहिरीची भीती वाटायची, तो तिथे ओंजळीने पाणी डोक्यावर घेत होता. त्यानंतर त्याने शेवरवाडीच्या विखुरलेल्या माणसांचे पत्ते गोळा केले आणि एकेक दार वाजवायला सुरुवात केली. काही हसले. काहींनी पाणीसुद्धा विचारलं नाही. पाचएक घरांत म्हाताऱ्यांनी मान खाली घातली. मी प्रत्येक वेळी त्याच्या पिशवीत होतो.

नामपूरला आम्ही एसटीने गेलो. निवृत्ती गुरव ओसरीवर खाटेवर पडला होता. यादवने सगळं सांगितलं. म्हातारा खाटेवर उठून बसला. मग त्याने विचारलं, "बघितला म्हणतोस, तर मुखवट्याची नथ कशी होती?"

"डाव्या नाकपुडीत. तीन मोत्यांची. मधला मोती नव्हता."

म्हाताऱ्याचे ओठ हलायला लागले. "तो मोती माझ्या हातून पडला होता, त्याच रात्री, पुसताना. मी कुणाला बोललो नव्हतो. ज्ञानेशलाबी नाय." त्याने हात पुढे केला, आणि यादवने त्या हातात मला ठेवलं. माझी पाच बोटं चाचपत तो आंधळा माणूस कितीतरी वेळ बसला होता.

मित्रांनो, आता धरण पुन्हा भरलं आहे. दुपारी सगळीकडे सामसूम झाली की माझ्या तुटलेल्या बोटांच्या जागी काहीतरी अजून ओढतं, थंडगार. ते मी कुणाला सांगत नाही. तुम्हाला मात्र एकच सांगणं आहे. तुमच्या शेताजवळ उघडी विहीर असेल तर आजच मोठ्यांना सांगून तिच्यावर झाकण घालून घ्या. आणि तोवर तिथे एकट्या लहानग्याला पाठवू नका. मी पुष्कळ गोष्टी वर आणल्या, पण जसं गेलं तसंच परत आणणं मला एकदाही जमलं नाही.