सामानापाशी मांडलेली खुर्ची

मित्रांनो, कार पार्कच्या कडेला, बॅगा आणि डब्यांच्या शेजारी मांडलेली एखादी खुर्ची तुम्ही पाहिली असेल. तिच्याकडे कोणी निरखून बघत नाही. मी तसलीच एक जुनी, घडीची खुर्ची आहे.

माझा जन्म दूर कुठल्याशा कारखान्यात झाला. पोकळ नळ्या, जाड हिरवे कापड आणि चहाचा कप ठेवायला हातावर एक जाळीचा खिसा, एवढीच माझी संपत्ती. इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या एका दुकानात मी पुष्कळ दिवस भिंतीला टेकून होते. मग एका मे महिन्यात मिलिंद आणि त्याची बायको ऋजुता आली. मिलिंदचे वडील, पद्माकरराव, यवतमाळहून प्रथमच त्यांच्याकडे राहायला यायचे होते आणि त्यांचे गुडघे दुखत. मिलिंदने मला उघडले, स्वतः बसून पाहिले आणि म्हणाला, "ही बाबांना कम्फर्टेबल होईल." ते ऐकून मी मनातून फुलून गेले.

बाबा आले आणि सुटीच्या दिवशी सहली सुरू झाल्या. विंडसर झाले, ऑक्सफर्ड झाले, बाथ झाले. बाबांना सगळे दाखवायचे असा मिलिंदने ध्यासच घेतला होता. वडिलांवर त्याचा फार जीव होता. पण गाडी थांबली की दरवेळी तेच घडे. मला उघडायचे, बाबांना बसवायचे, आणि कोट, डबे, पाण्याच्या बाटल्या आमच्याभोवती रचायच्या.

"बाबा, इथे चालायचं खूप आहे हो," मिलिंद म्हणे. "तुम्ही बसा, आम्ही क्विकली जाऊन येतो."

"जा रे तुम्ही. मी आहे सामानापाशी," बाबा म्हणत.

कुरकुर करणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्या कुत्र्यांची ते मराठीत विचारपूस करत आणि ती कुत्रीही शेपटी हलवत. पण राजवाडे आणि किल्ले त्यांनी पाहिले ते सगळे परत आलेल्यांच्या फोनमध्ये. "ही खुर्ची आहे म्हणून बरं," असे ऋजुता म्हणाली की पूर्वी मला अभिमान वाटे. पुढे पुढे तो वाटेनासा झाला.

बाबांनी एकच गोष्ट मागितली होती. त्यांना समुद्र पाहायचा होता. सारा जन्म विदर्भात गेला, आणि मुंबई पाहिली ती विमानतळापुरती. परत जाण्याआधीच्या शेवटच्या शनिवारी मिलिंद सगळ्यांना डॉर्सेटच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. गाडीतून उतरताच लाटांचा आवाज कानी आला. बाबांनी टोपी नीट केली. मिलिंदने मात्र खाली जाणारी पायवाट पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाबा, पाथ फार स्टीप आहे. नेक्स्ट इयर एखादा फ्लॅट बीच शोधून ठेवतो. प्रॉमिस."

त्यांची नात तनया बाबांचा हात ओढत होती. "आजोबा, तुम्ही पण चला ना."

"तू बघून ये, आणि मग मला सांग," बाबा म्हणाले.

सगळे गेले. बाबांनी माझे हात घट्ट धरले आणि ते अर्धवट उठले. कुंपणावरून पलीकडे काही दिसते का ते त्यांनी पाहिले. मग ते हळूच खाली बसले. तनया धावत परत आली. "आजोबा, मी तुमच्यासाठी फोटो आणला," ती म्हणाली. बाबांनी तो फोटो पुष्कळ वेळ पाहिला.

बाबा यवतमाळला परतले आणि त्याच हिवाळ्यात तिथे वारले. मी शेडमध्ये सायकलीमागे पडून होते. कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली.

उन्हाळ्यात ती तिघे पुन्हा त्याच ठिकाणी गेली. सवयीने ऋजुताने मला मांडले, बॅगा भोवती ठेवल्या, आणि ती तशीच उभी राहिली. मिलिंदने माझी घडी केली, मला खांद्यावर टाकले आणि तो पायवाटेने उतरू लागला. पहिल्याच वळणावर तो थबकला. समोर सगळा समुद्र पसरलेला होता. मागे वळून पाहिले तर आमची गाडी तिथेच, हाकेच्या अंतरावर दिसत होती.

"ऋजुता, इथूनच दिसतो गं."

"आपण मागच्या वेळी घाईत उतरलो," ती म्हणाली. "काठी टेकत बाबा इथवर आले असते."

"मग आपण आजोबांना का नाही आणलं?" तनयाने विचारले. 

मिलिंदने मला त्या वळणावर, पाण्याकडे तोंड करून मांडले. बसले कोणीच नाही. तो माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि रडला. मी प्रथमच समुद्र पाहत होते, आणि मला तो पाहवत नव्हता.

मित्रांनो, मला पावसात विसरलात तरी माझी तक्रार नाही. पण घरातले थकलेले माणूस "मी बसतो इथे" म्हणाले, तर लगेच मान डोलावू नका. आधी पुढच्या वळणापर्यंत जाऊन पाहा. मग परत या आणि त्यांचा हात धरा.