तिसरं पाणी

टाकीतला स्पंज मुळात निळा होता, हे मामांना त्या सकाळी कळलं. मोरीत बसून त्यांनी तो गरम पाण्यात बुडवला, वर झाकणभर ब्लीच ओतलं आणि खसाखसा पिळला. काळपट घाण अशी काही सुटली की मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. इस्पितळाच्या धुलाई विभागात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा हात तीन पाण्यांशिवाय थांबत नाही.

"अक्का बघतच राहील," मामा बादलीला म्हणाले. निवृत्त झाल्यापासून ते बऱ्याच वस्तूंशी बोलत.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आणि नंतरचे व्यायाम मिळून तीन आठवडे ती दवाखान्यात राहणार होती. जाताना तिनं घराची किल्ली मामांच्या हातात दिली आणि माशांच्या टाकीकडे बोट केलं. "रोज चिमूटभर खायला घाल. बाकी कशाला हात लावू नकोस."

अक्कानं भावाकडे काही मागण्याची ही आयुष्यातली पहिली वेळ. आई गेली तेव्हा मामा सहा वर्षांचे आणि अक्का सोळाची. तिनं शाळा सोडली, इस्पितळात आया म्हणून लागली आणि भावाला असं वाढवलं की त्याला आई नाही अशी वर्गात कुणाला शंका येऊ नये. शर्ट एकच होता, पण रोज धुतलेला. पुढे धुलाई विभागात मामांची वर्णी लागली तीही अक्कानं शब्द टाकला म्हणून. इतक्या वर्षांत मामांनी तिच्यासाठी काही करू म्हटलं की ती म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" आता संधी आली होती ती माशांना चिमूटभर खाणं घालण्याची. चार दिवस मामांनी तेवढंच केलं. पण उपकार डोंगराएवढे आणि फेड चिमूटभर, हे काही त्यांच्या मनाला पटेना. म्हणून पाचव्या दिवशी स्पंज.

टाकीतली व्यवस्था अगदी साधी होती. खिडकीच्या कट्ट्यावरचा छोटा पंप नळीतून हवा सोडायचा, स्पंजातून बुडबुडे वर चढायचे आणि त्यांच्या ओढीनं टाकीतलं पाणी स्पंजातून गाळलं जायचं. दिवसभर गुडगुड चालायची. घरात कुणीतरी म्हातारा हुक्का ओढत बसलाय असं वाटे. अक्का एकटी राहायची. तिला तेवढी सोबत पुरायची.

निळाभोर स्पंज जागेवर बसला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बाराच्या बारा मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडं उघडमीट करू लागले. अक्का ज्याला 'आजोबा' म्हणायची तो थोराड सोनेरी मासा एका अंगाला कलला होता. मामांना वाटलं, भूक लागली असेल. त्यांनी आणखी एक चिमूट टाकली. कुणी तोंड लावलं नाही. मग मात्र मामा चप्पल उलटीसुलटी घालून कोपऱ्यावरच्या सलूनकडे निघाले. तिथं आरशाशेजारी पुष्कळ वर्षांची टाकी होती.

"या मामा. केस की दाढी?"

"मासे," मामा म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

सलूनवाल्यानं सगळं विचारून घेतलं. पाणी बदललं का? नाही. नवे मासे आणले का? नाही. मग केलं तरी काय?

"काही नाही हो. उलट स्पंज स्वच्छ धुतला. गरम पाणी, ब्लीच, तीन पाणी."

सलूनवाल्यानं वस्तरा खाली ठेवला. "मामा, ती घाण नव्हती. मासे खातात त्याच पाण्यात आणि घाण करतात तीही त्याच पाण्यात. त्याचं विष होतं. ते विष पचवणारे बारीक जीव त्या स्पंजात राहतात. जमायला महिना-दीड महिना लागतो. तुम्ही अख्खी वस्तीच उठवलीत."

मामा बाकावर बसले. पस्तीस वर्षं चादरींतले जंतू मारले. जंतूंच्या जिवावर कुणी जगत असेल, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "बहिणीचे आहेत हो ते," ते म्हणाले. "तिनं जन्मात एकच गोष्ट सांगितली होती मला."

खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस घेऊन वळलं. "आधी त्यांचं बघा. माझी दाढी कुठं पळून जात नाही."

सलूनवाल्याच्या टाकीत दोन स्पंज होते. त्यातला एक, शेवाळी, बुळबुळीत, त्यानं अलगद उचलला आणि टाकीतल्याच पाण्यासकट एका डब्यात घातला. "हा तुमच्या स्पंजाशेजारी लावा. विरजण समजा. माझ्याकडचं तुमच्याकडे लागेल. कालपासून साठवलेलं पाणी देतो. टाकीतलं थोडं काढून तेवढं हे घाला, रोज. आणि खाणं बंद."

"तुमचे उपकार कसे..."

"उपकार राहू द्या. दीड महिन्यानं माझा स्पंज परत आणा." मग डबा मामांच्या हातात देत तो म्हणाला, "आणि मामा, हात जोडतो, धुऊन देऊ नका."

एका हातात पाण्याचा कॅन आणि दुसऱ्या हातानं तो घाणेरड्या पाण्याचा डबा छातीशी धरून मामा घरी चालले. आयुष्यात त्यांनी कुठलीच मळकी वस्तू इतक्या जपून नेली नव्हती.

अकरा मासे तगले. आजोबा दुसऱ्या दिवशी गेला. मामांनी त्याला गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत पुरलं आणि कितीतरी वेळ तिथंच उभे राहिले.

अक्का वॉकर टेकत घरी आली ती थेट टाकीपुढच्या खुर्चीत बसली. दोन स्पंज बघितले. मग बोटानं मोजू लागली. मामांना ते मोजणं सहन होईना.

"अक्का, मी स्पंज धुतला. तू नको म्हणाली होतीस तरी. आजोबा गेला. कुंडीत आहे." सलूनवाल्याचीही हकीगत त्यांनी एका दमात सांगून टाकली.

अक्का कुंडीकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. "नऊ वर्षांचा होता," ती म्हणाली. मग मामांकडे वळून म्हणाली, "तुला काय बोलू, छोट्या? मळकं दिसलं की धुवायचं, हे शिकवलं कुणी? मीच ना?"

एकोणसाठ वर्षांच्या मामांना छोट्या म्हणणारं जगात एवढंच माणूस उरलं होतं. "तू शिकवलंस म्हणून माणसात आलो गं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांना चाळीस वर्षं म्हणायचं होतं.

"पुरे," अक्का म्हणाली. "बादली आणशील?"

पण निळ्या स्पंजात वस्ती जमेपर्यंत त्याला हात लावायचा नव्हता, म्हणून त्या दिवशी तिनं बादली नुसती बाजूला ठेवायला लावली. सलूनवाल्यानं सांगितलेला दीड महिना भरला तेव्हा, वॉकर सुटल्यावर, ती कामी आली. सलूनवाल्याचा स्पंज जसाच्या तसा डब्यात गेला. निळा स्पंज एव्हाना चांगला तपकिरी झाला होता. अक्कानं टाकीतलंच पाणी बादलीत काढायला लावलं. "ह्यात पीळ. हलक्या हातानं. आता अजून एकदा. बस्स."

मामांचा हात तिसऱ्यांदा बादलीकडे निघाला होता. तो त्यांनी वाटेतच थांबवला. अजून मळकाच असलेला स्पंज त्यांनी टाकीत ठेवला आणि नळी जोडली. गुडगुड सुरू झाली. अकरा मासे आपापल्या कामाला लागले.

"हात धू," अक्का म्हणाली.

"धुतो," मामा म्हणाले, आणि तपकिरी हात मांडीवर तसेच उताणे ठेवून तिच्या शेजारी बसून राहिले.